मेलेल्या म्हशीचे मणभर दूध

गेल्या वैशाखात दिल्लीहून एक तरुण गृहस्थ आमच्या भोपाळच्या घरी आले. जुन्या रेकॉर्ड्‌स विकत घ्यायच्या आणि परदेशी गिऱ्हाइकांना विकायच्या, हा त्यांचा व्यवसाय. चौक बाजारातल्या एका कबाड्याने त्यांना आमचा पत्ता दिला होता. मी माळ्यावरून वडिलांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले आणि सचिवालयातल्या कारकुनांची बिऱ्हाडे भोपाळला आली, तेव्हा आमच्या बिऱ्हाडाबरोबर ही ट्रंकही आली. तळाशी आजोबांच्या वेळच्या अष्ट्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या आणि वर वडिलांनी पुढे हौसेने जमवलेल्या काही लहानमोठ्या रेकॉर्ड्‌स, असा तो ऐवज.

पाहुण्यांनी एकेक तबकडी उचलली, उजेडाकडे तिरकी धरली, मधल्या कागदावरचा नंबर वाचला आणि बाजूला ठेवली. "अब्दुल करीम खाँ, कॉमन आहे. बालगंधर्व, कॉमन. हिराबाई बडोदेकर, कॉमन, शिवाय झिजलेली." घरातल्या देवांना कुणी एकेरी हाक मारावी तसे मला वाटले, पण मी गप्प राहिलो. एवढ्यात त्यांच्या हाती एक लहान रेकॉर्ड लागली. सत्तरच्या दशकातली, कुठल्याशा छोट्या कंपनीने काढलेली, हॉटेलात वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदाची. वडिलांना ती कुणीतरी भेट दिली होती. आमच्या घरात ती फार तर दोनदा वाजली असेल. गृहस्थांचे डोळे लकाकले. "सर, हा फंक आहे! याच्या चार-पाचच प्रती ठाऊक आहेत." त्यांनी नऊ हजार रुपये सांगितले.

मी म्हटले, "ग्रामोफोन चालत नाही, पण शेजाऱ्यांकडे रेकॉर्ड प्लेअर आहे. वाजवून पाहता का?"

"गरज नाही, सर," ते म्हणाले.

या दोन शब्दांनी मला हा लेख लिहायला लावले आहे. ज्या वस्तूचा एकमेव उपयोग कानाने ऐकणे हा आहे, तिची थोरवी डोळ्यांनी नंबर वाचून ठरावी आणि कानांना विचारण्याची गरजच पडू नये, हा काय न्याय झाला? आमची आजी म्हणायची, मेलेल्या म्हशीला मणभर दूध. म्हैस गोठ्यात होती तोवर रोज शेरभर देत होती, कारण रोज माप लागत होते. ती गेली, माप थांबले आणि दूध वाढू लागले. दुर्मीळ रेकॉर्ड्‌सच्या कीर्तीचे रहस्य या एका म्हणीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फंक म्हणजे काय हे मलाही आधी ठाऊक नव्हते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे हे संगीत, साठच्या दशकात जेम्स ब्राउन या गायकाने नावारूपाला आणलेले. त्यात सुरावटीपेक्षा ठेक्याला मान; ढोल, गिटार आणि तुताऱ्या साऱ्या मिळून एकच ठेका घट्ट धरून ठेवतात. सत्तरच्या दशकात आपल्या हिंदी चित्रपटांच्या संगीतकारांनी हा ठेका उचलला. कल्याणजी-आनंदजींची 'अपराध' (१९७२) आणि 'डॉन' (१९७८) या चित्रपटांतली गाणी आठवा. २००५ साली 'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकन मंडळींनी या दोन्ही चित्रपटांतल्या गाण्यांचे तुकडे आपल्या गाण्यात घेतले आणि ते जगभर गाजले. आता ध्यानात घ्या, यातले एकही गाणे दुर्मीळ नव्हते. आपल्याकडच्या पानपट्टीच्या दुकानांवर ती वर्षानुवर्षे वाजत होती. ज्यांना कान होते त्यांनी ती सर्वांच्या समोरून उचलली.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे गुणी वादक. १९८२ साली त्यांनी नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रे घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली. नावच मुळी 'डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग' अशा अर्थाचे. ती खपली नाही आणि विस्मरणात गेली. पुढे एका डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात सापडली आणि त्याने २०१० साली ती पुन्हा काढली. मग काय! शिकागोमध्ये १९८७ च्या सुमारास जे 'ॲसिड हाऊस' नावाचे नृत्यसंगीत निघाले, त्याचा शोध भारतात पाच वर्षे आधीच लागला होता, असा डंका जगभर पिटला गेला. यंत्रे तीच होती हे खरे, आवाजही काहीसा तसाच निघतो हेही खरे. पण ती रेकॉर्ड शिकागोत कुणी ऐकल्याचा पुरावा नाही. ज्याच्यापासून पुढे कुणी काही शिकले नाही, त्याला शोधाचा जनक कसे म्हणावे? मी ती रेकॉर्ड पूर्ण ऐकली आहे. गंमत वाटते, पहिले दोन राग मान डोलते. पण दहाही रागांना एकच ठेका, एकच चाल, भैरवालाही तीच आणि दुसऱ्या कुणालाही तीच. सचोटीने केलेला एक प्रयोग, एवढे त्याचे श्रेय आहे आणि तेवढे ते चरणजित सिंगांना निर्विवाद द्यावे. त्यापलीकडची जी थोरवी आहे ती त्या रेकॉर्डच्या हरवण्या-सापडण्याच्या गोष्टीची आहे.

मी इतिहास घेऊन एम. ए. झालो. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले गेले की, कागद दुर्मीळ आहे म्हणून तो महत्त्वाचा ठरत नाही. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन आज अत्यंत दुर्मीळ आहे. त्याची किंमत सांगायला नको. तांब्याची शिवराई मात्र ढिगाने सापडते, कारण ती एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात फिरत राहिली. पण रयतेचा व्यवहार कसा चालला, हे इतिहासाला विचारायचे असेल तर होनापेक्षा शिवराई अधिक बोलते. होनाला किंमत आहे, शिवराईला साक्ष आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रेकॉर्ड्‌सच्या बाजारात नेमकी त्यांचीच गल्लत होते.

एखादी तबकडी दुर्मीळ का होते, याची कारणे तपासा. पहिले कारण, ती खपलीच नाही. दुसरे, ती फुटली. जुन्या तबकड्या लाखेपासून बनत. ही लाख छोटानागपूर-छत्तीसगडच्या आपल्याच जंगलांतून जाई. हातातून निसटली की तबकडीचे तुकडे. तिसरे, युद्ध. १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर सरकारी निर्बंध आले आणि जुन्या तबकड्या वितळवून नव्या करण्याची वेळ आली. चौथे, घर बदलताना बायकामाणसांनी, नव्हे बाप्यामाणसांनीच, अडगळ म्हणून त्या फेकल्या. या चारही कारणांत गाण्याचा संबंध कुठे आला? दुर्मीळता हा गाण्याचा गुण नव्हे, तो तबकडीच्या नशिबाचा भाग आहे. आणि पहिल्या कारणाकडे तर जरा संशयानेच पाहायला हवे. खपली नाही म्हणजे वाईटच असेल असे नाही, हे मला मान्य. पण खपली नाही म्हणजे चांगली असलीच पाहिजे, हे कुठले तर्कशास्त्र?

मग कीर्ती फुगते कशी? त्याचे यंत्र साधे आहे. ज्या गाण्याच्या पाचच प्रती आहेत, त्याबद्दल मत देऊ शकणारी माणसेही पाचच. त्या पाचांनी भरपूर पैसे मोजलेले. पैसे मोजणारा 'फसलो' म्हणेल का? तोच मालक, तोच वकील आणि तोच न्यायाधीश. बाकीच्यांनी ऐकलेलेच नसते, म्हणून ते नाही म्हणू शकत नाहीत. आणि ज्यांना त्याच्या घरी ऐकायला मिळते ते चहा पीत पीत नाही कसे म्हणणार? इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणगावांत सत्तरच्या दशकात अमेरिकन सोल संगीताच्या दुर्मीळ रेकॉर्ड्‌सवर रात्रभर नाचायची प्रथा होती. तिथले वाजवणारे रेकॉर्डवरच्या नावावर कोरा कागद चिकटवत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गाण्याचा पत्ता लागू नये. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ सालची एक रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणलीच नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या. २००९ साली त्यांतली एक पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. ते गाणे चांगले आहे, कारण आता ते कुणालाही ऐकता येते आणि ऐकणारे तसे म्हणतात. पण ते पंचवीस हजार पौंड गाण्याला दिलेले नव्हते. गाणे तर फुकट मिळत होते!

हे परदेशाचे झाले. आपल्या घरचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संग्राहक स्नेह्यांनी आम्हा पाच-सहा मराठी कुटुंबांना संध्याकाळी बोलावले. मोठ्या खटपटीने मिळवलेली, शंभरेक वर्षांपूर्वीची एक तबकडी ते ऐकवणार होते. आधी अर्धा तास तिच्या शोधाची कथा झाली. मग तबकडी लागली. तीन मिनिटे खरखरीत बुडालेला एक आवाज. सगळ्यांनी डोळे मिटून माना डोलावल्या, मीही डोलावली. तबकडी संपली तशी माझी आई म्हणाली, "अरे, पण हा माणूस वरच्या षड्जाला कमी पडतोय ना?" आईचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. गाणे ती कुणाकडे शिकली नाही. पण आकाशवाणीवर तिने आयुष्यभर चांगले गाणे ऐकले. खोलीत शांतता पसरली. स्नेही म्हणाले, "वहिनी, अहो ही एकच प्रत आहे!" जणू एकच प्रत असली की षड्ज आपोआप लागतो.

इथे कुणी म्हणेल, "गुरुजी, भास्करबुवा बखल्यांची एकही तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेबांचीही नाही. मग त्यांची थोरवीही मेलेल्या म्हशीचेच दूध का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. नाही, ते तसे नाही. भास्करबुवा १९२२ साली गेले, अल्लादिया खाँ १९४६ साली. ते दोघे आयुष्यभर गावोगाव, दरबारात आणि बैठकीत हजारो जाणत्यांसमोर गायले. त्यांच्या गाण्याला रोज माप लागत होते. शिवाय भास्करबुवांच्या मागे बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव आहेत, अल्लादिया खाँसाहेबांच्या मागे केसरबाई आणि मोगूबाई आहेत. ही साक्ष पाच प्रतींची नव्हे, पिढ्यांची आहे. कीर्ती कानांच्या संख्येने सिद्ध होते, प्रतींच्या टंचाईने नव्हे, हेच यातून दिसते.

केसरबाईंचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात पाठवली. त्यांच्यासोबत पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने ती सुचवली. पण मूळ रेकॉर्ड बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. या गोष्टीतला क्रम पाहा. आधी गाणे निवडले, मग तबकडी शोधली. आमच्या दिल्लीच्या पाहुण्यांचा क्रम नेमका उलटा होता.

संग्राहकांवर मी अन्याय करू इच्छित नाही. कंपन्यांनी जे टाकून दिले ते या वेड्या माणसांनी कबाड्यांच्या दुकानांतून वेचून जपले. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आहे. तिथल्या मंडळींनी तबकड्या लोकांना ऐकवल्या, त्यांवर लिहिले, याद्या केल्या. जपणे आणि वाटणे या दोन्ही गोष्टी जो करतो तो संग्राहक माझ्या नमस्काराचा धनी आहे. माझे भांडण दडवणाऱ्याशी आहे.

कारण दडवण्याचा शेवट मी पाहिला आहे. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांकडे एका थोर गायकाच्या खाजगी बैठकीची टेप होती. भोपाळातल्या सगळ्या मराठी मंडळींना तिची ख्याती ठाऊक; ऐकली होती फारच थोड्यांनी. शाळेतल्या मुलांना ऐकवण्यासाठी मी ती एक दिवस मागितली. त्यांनी शांतपणे विचारले, "सगळ्यांनी ऐकलं, तर तिची किंमत काय राहिली?" मी तीनदा गेलो, तीनदा परत आलो. पुढे ते वारले. मुलाने कपाट उघडून टेप माझ्या हाती दिली. भोपाळचे इतके पावसाळे तिने बंद कपाटात काढले होते. फितीवर पांढरी बुरशी होती आणि यंत्रावर चढवताच तिचा थर सुटून भुकटी होऊ लागली. आता ते गाणे कुणीच ऐकणार नाही. ख्याती मात्र अजून आहे, किंबहुना वाढलीच आहे. आता तिला माप लावणारे कुणी उरलेले नाही.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, दिवाळी अंकात हे रेकॉर्ड-पुराण कशाला? सांगतो. बैतूल, छिंदवाडा, बऱ्हाणपूर, बालाघाट असो, नाही तर तिकडे बेळगाव, बीदर. आपण दोन भाषांच्या मुलखातली माणसे. आपल्या घरातली मराठी अशीच दुर्मीळ होत चालली आहे आणि तिच्याविषयी आपला अभिमान त्याच प्रमाणात वाढतो आहे. पाहुणे आले की आपण मुलाला पुढे करतो, "बाळ, शुभंकरोती म्हणून दाखव." पाहुणे म्हणतात, "वा! भोपाळात राहून इतकं शुद्ध!" पाहुणे गेले की बाळ आईला हिंदीत पाणी मागते. ही मराठी म्हणजे मखमलीत गुंडाळलेली, वर्षातून एकदा वाजणारी तबकडी. ती चांगली वाटते, कारण कमी ऐकू येते. तिच्यात भांडता येते का, हिशेब करता येतो का, विनोद करता येतो का, हे माप आपण लावतच नाही. माझ्याच घरचे हे वर्णन आहे, म्हणून धिटाईने लिहितो. दुर्मीळ झाली म्हणून भाषा मोठी होत नाही. ज्ञानोबा-तुकोबांची भाषा मोठी झाली ती शिवराईसारखी हातोहात फिरली म्हणून.

त्या ट्रंकेचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. नऊ हजारांची ती फंकची रेकॉर्ड मी विकली. आधी शेजाऱ्यांकडे नेऊन एकदा नीट ऐकली. ठेका बरा होता, बाकी सामान्य. ज्यांना ती हवी त्यांना लखलाभ. त्या पैशांत आजोबांच्या ग्रामोफोनची तुटलेली स्प्रिंग बदलून घेतली, सुयांच्या दोन डब्या मागवल्या आणि 'कॉमन' ठरलेल्या सगळ्या तबकड्या एका जाणकार तरुणाकडून संगणकावर उतरवून घेतल्या. आता दर शनिवारी शेवटच्या तासाला मी ग्रामोफोन शाळेत नेतो. मुले हिंदी माध्यमाची, त्यांतली मराठी घरांतली फार तर सात-आठ. चावी द्यायला मात्र सगळ्यांची झुंबड उडते.

परवा हिराबाईंची ती झिजलेली तबकडी लावली. चक्रे इतकी पांढरी पडली आहेत की सुई मधूनमधून घसरते. एका मुलीने विचारले, "सर, ये इतनी घिसी हुई क्यों है?" मी म्हटले, "बेटा, माझ्या आजीने, मग आईने, ही फार वेळा ऐकली म्हणून." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "तो अच्छी होगी. फिर से लगाइए."

मी पुन्हा लावली.